आईच्या पाठीवरची नजर

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईशी अकरा वर्षं अबोला धरला होता. घर एकच, चूल एकच, ताट रोज तिच्याच हातचं, पण बोलणं नाही. कारण ऐकलं तर हसाल. आत्याला बघायला पाहुणे आले होते. अण्णांनी त्यांना आठ एकर जमीन सांगितली आणि चहा घेऊन बाहेर आलेली आई सहज म्हणाली, "आठ कुठं, सहाच की." पाहुणे हसले, अण्णाही हसले, आत्याचं लग्नही तिथंच जमलं. पाहुण्यांची जीप रस्त्याला लागली आणि अण्णांचं तोंड बंद झालं ते झालंच. मी तेव्हा चौथीत होते. शेतात छातीत कळ येऊन ते गेले तेव्हा मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते.

मधल्या वर्षांत त्या घरातलं सगळं बोलणं माझ्या तोंडातून गेलं. आमच्याकडं अबोल्याची हीच रीत, नवरा-बायको पोरांच्या तोंडून बोलतात. "तुझ्या आईला सांग, कोरड्यास खारट झालंय." आई चार हातांच्या अंतरावर भाकरी थापत असायची, तिला ऐकू जायचंच, तरी मी तिच्याजवळ जाऊन सांगायची, "आई, कोरड्यास खारट झालंय म्हणं." मग ती म्हणायची, "त्येन्ला सांग, पाणी घालून आणते." दुसऱ्यांच्या घरचे अबोले पोळ्याला नाही तर दिवाळीला मोडायचे. आमच्याकडं अकरा दिवाळ्या तशाच गेल्या. मी शिकायला बाहेर राहायला गेले तेव्हा मधलं माणूसच उरलं नाही. मग अण्णा दाराच्या चौकटीशी बोलायला लागले. "भाकरी वाढा म्हणावं." कुणी कुणाला म्हणायचं, ते त्यांनाच ठाऊक.

त्यांनी आईवर कधी हात उचलला नाही. दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. त्यामुळं आईचं दुखणं कुणाला दिसायचंच नाही. आमचं गाव येरमाळ्यापासून जवळ, हायवेच्या आत. तिथं नवरा बायकोला वाईट वागवतो म्हणजे मारतो, पितो किंवा दुसरी ठेवतो, याच्यापलीकडं बायकांची अक्कल जात नव्हती. "मारत न्हाय, पीत न्हाय, मग तुझं दुखतंय काय?" असं तिच्या सख्ख्या बहिणीनं माझ्यादेखत विचारलं होतं. आईनं काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मला मात्र तो प्रश्न पन्नाशीपर्यंत पुरला.

पुढं मी कळंबजवळच्या शाळेत लागले. स्नेहसंमेलनात पोरांची नाटकं बसवता बसवता हात जरा बसला आणि मनात आलं, आईची गोष्ट लोकांना दाखवायची. सांगून कुणाला पटत नाही तर दाखवायची. चाळीस मिनिटांचा सिनेमा. लग्नाचं शूटिंग करणारा एक जण कॅमेऱ्यासकट तयार झाला. आईचं काम करायला ईट गावची एक अंगणवाडीताई मिळाली, धीट, स्वच्छ बोलणारी. आणि अण्णांच्या कामाला मी आणला तो निवेदक.

हा माणूस लग्नात, सत्काराला, सप्ताहाला माइक धरून उभा असायचा. त्याचा आवाज ऐकला नाही असा मांडव आमच्या तालुक्यात नसेल. "वराकडील मंडळींना नम्र विनंती" असं तो म्हणाला की पंगतीतले लोकही घास थांबवून वर बघायचे. आवाजावर जगणाऱ्या त्या माणसाला मी एकही वाक्य नसलेली भूमिका दिली. लोक मला म्हणाले, मॅडम, तुमचं डोकं फिरलंय. मला मात्र माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. माझं गणित सरळ होतं. बाईला सगळं बोलणं द्यायचं, बाप्याला काहीच द्यायचं नाही. ती बोलत राहील, विनवत राहील, चिडेल, रडेल आणि तो दगडासारखा बसून राहील. बघणाऱ्याला दगडाचा राग येईल. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या कुठं चालल्यात ते दिसत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

निवेदक मनापासून कामाला लागला. "तुमचे वडील म्या बघितलेले न्हाईत, मावशींनाच विचारतो," म्हणाला आणि मोटारसायकल काढून आईकडं गेला. आधी मी धास्तावले, मग बघतच राहिले. आई त्याला शिकवायला लागली. अण्णा खांबाला पाठ लावून, एक गुडघा उभा करून कसे बसायचे. अंगणात आले की एकदाच खाकरायचे, म्हणजे तांब्या बाहेर ठेवायचा. आणखी चहा नको असेल तर रिकामा गिलास पालथा घालायचे. "असं न्हाय, मान येवढी खाली न्हाय," ती त्याला म्हणायची. "त्येन्ची मान ताठ हुती." तो पुन्हा बसून दाखवायचा. "आता जमलं बगा, मावशी?" "आता जरासं जमलं." एवढ्या वर्षांत तिला कुणी पहिल्यांदाच एवढं नीट विचारत होतं. तिसऱ्या खेपेला तो येणार म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी तिला त्यावरून चिडवलं आणि ती लाजली.

आमच्या घराचा आता स्लॅब झाला होता, चूल जाऊन गॅस आला होता. म्हणून शूटिंग ईटला, अंगणवाडीताईच्या चुलतीच्या जुन्या घरात केलं. आई तिथं आली नाही. प्रवासानं तिचे गुडघे धरतात.

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचा प्रसंग होता. बाई ताट वाढते, लिहिलेली दोन पानं भरून बोलते. "माझं चुकलं असंल तर थोबाडीत द्या, पण बोला" इथपर्यंत येते. तो जेवत राहतो. मग ती चुलीकडं वळते आणि भाकरी थापायला लागते. एवढंच लिहिलं होतं. ताई वळली, आणि निवेदकानं ताटावरची मान उचलून तिच्या पाठीकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही. ओठ किंचित सुटले, गळ्याची घाटी हलली, शब्द अगदी दातापर्यंत आला असं वाटलं. मग तिचा हात परातीवर थांबला तशी त्यानं मान खाली घातली आणि घास मोडला. मी "कट" म्हणायचं विसरले. कॅमेरावाला कॅमेऱ्यावरून डोळा काढून म्हणाला, "मॅडम, हे काहीतरी झालं बरं का."

"हे लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "परत घ्या. बघायचं नाही." निवेदकानं निमूटपणे दुसऱ्यांदा केलं, ताटातून मान वर न काढता. मला हवं होतं तसंच. दोन्ही शॉट आमच्याकडं होते.

पुढं कॅमेरावाल्याच्या दुकानात जोडकाम करायला बसलो तेव्हा मी दोन्ही लावून बघितले. न बघणारा शॉट खरा होता. त्या घरात मी राहिलेली, मला माहीत होतं. पण तो पडद्यावर मेल्यासारखा दिसत होता. बघणारा लावला की दुकानात झेरॉक्सला आलेली माणसंही मागं उभी राहून बघायची. मी बघणारा ठेवला. सिनेमा चांगला व्हावा म्हणून ठेवला असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते अर्धंच खरं आहे. मलाही तो बाप हवा होता. माझ्या आयुष्यात मी माझ्या बापाला माझ्या आईकडं बघताना कधी बघितलं नव्हतं. तिथं त्या छोट्या पडद्यावर तो बघत होता, आणि मी तो तुकडा पुन्हा पुन्हा मागं घेऊन लावत होते. त्याची मला आज लाज वाटते.

एका रविवारी दुपारी कळंबच्या एका मंगल कार्यालयात पडदे ओढून सिनेमा दाखवला. आईला पुढं नवरा-नवरीच्या सोफ्यावर बसवलं. आमच्या गल्लीतल्या बायका टमटम करून आल्या होत्या. पहिली पंधरा मिनिटं मला हवं तसं चाललं. नंतर ताई बोलायला लागली की मागून कुणीतरी "किती बोलती ही" म्हणायला लागलं. हसू यायला लागलं. माझ्या आईची वाक्यं होती ती, अण्णांना न म्हणता मला बोलून दाखवलेली, शब्दन् शब्द तिच्या तोंडचा. आणि मग ती नजर आली. सगळ्या कार्यालयात कुणी हललं नाही. माझ्या बाजूच्या खुर्चीतला म्हातारा टोपी काढून डोळे पुसत होता. शेवटी तो शेतात कोसळतो, तेव्हा बायका चक्क हुंदके देऊन रडल्या. कोसळणाऱ्यासाठी रडल्या.

दिवे लागल्यावर सगळे निवेदकाभोवती जमले. "नुसत्या डोळ्यांनी बोललास रे गड्या," असं जो तो म्हणत होता. कुणीतरी त्याच्या हातात माइक दिला. आता माइक दिल्यावर तो काय गप्प बसतो? त्याच्या त्या भरदार आवाजात तो म्हणाला, "ज्या बापांना आपलं प्रेम कधी बोलून दाखवता आलं नाही, त्या सगळ्या बापांना हा सिनेमा अर्पण." टाळ्यांनी कार्यालय दणाणलं. मी तो सिनेमा आईसाठी केला होता, आणि त्यानं एका वाक्यात तो अण्णांच्या नावावर करून टाकला. त्याच्या मनात कपट नव्हतं. मांडवात काय बोललं की लोक हलतात हे त्याला वीस वर्षांपासून माहीत होतं.

अंगणवाडीताई चहाच्या टेबलाशी एकटी उभी होती. मी गेले तर म्हणाली, "मॅडम, म्या तुम्ही सांगितलं तसंच केलं. शिव्या मात्र मलाच पडल्या." पुढं तिच्या गावात पोरं तिला बघून कानावर हात ठेवायची, म्हणजे आता ही बोलायला लागेल. तिनं पुन्हा कुठल्या कामाला हो म्हटलं नाही.

सोफ्याशी बायका आईला घेरून उभ्या होत्या. एकीनं तिचा हात धरला. "लई नशीबवान हुतीस बाई. येवढा जीव हुता मानसाचा, नुसतं बोलून दाखवाया यीना." दुसरी म्हणाली, "आमच्यातले बोलत्यात गं रोज. काय बोलत्यात ते आमालाच म्हाईत." ही तीच बाई, जी आमच्या दारात बसून कितीदा तरी आईचं ऐकून गेली होती. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "घरला चल."

सिनेमा नंतर यूट्यूबवर टाकला. खाली लोकांनी भरभरून लिहिलं. वडिलांची आठवण आली. पुरुषाचं दुःख कुणी समजून घेत नाही. अशा तोंडाळ बायकांमुळंच माणसं मुकी होतात, असंही एकानं लिहिलं आणि त्याला बऱ्याच जणांनी लाइक दिले. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, असं म्हणून मी शिक्षकखोलीत हसून दाखवायची. घरी येऊन तोंडाळ बायकांचं ते वाक्य परत वाचायची.

शेवटी न राहवून मी निवेदकाला गाठलं. एका साखरपुड्याच्या मांडवात तो माइकची वायर जोडत होता. मी म्हणाले, "तुम्ही माझा सिनेमा उलटा केलात." त्याला खरंच वाईट वाटलं.

"मॅडम, मला दगड करता यीना," तो म्हणाला. "बाई येवढी बोलून वळल्यावर माझी मान आपोआप वर आली. अकरा वर्षांत त्या मानसानं येकदाबी बघितलं नसंल, ह्ये मनाला पटंना."

"मी घरात होते," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला. "पण तुमीच ठिवला की तो शॉट."

तेवढ्यात पाहुणे आले आणि तो "सुस्वागतम्" म्हणायला वळला.

आई त्यानंतर कमी बोलायला लागली. ती अकरा वर्षं हीच तिची सगळ्यात मोठी गोष्ट होती. कुणी नवी सून गल्लीत आली की आई तिला दारात बसवून सांगायची, पाहुण्यांच्या चहापासून चौकटीपर्यंत. आता तिनं सुरुवात केली की बायका म्हणायच्या, "आमी बघितलं की पिच्चरमधी." आणि त्यांनी बघितलेलं तिनं सांगितल्यापेक्षा त्यांना खरं वाटायचं. एकदोनदा तिनं सांगून बघितलं की तसं नव्हतं. त्यावर त्या हसायच्या. "तुमची पाठ हुती मावशी, तुमास्नी कसं दिसंल?" पाठीला खरंच डोळे नसतात.

मी दर रविवारी स्कूटीवरून तिच्याकडं जाते. मागच्या हिवाळ्यात अशीच गेले होते. आम्ही दोघी दारात उन्हाला बसून तूर निवडत होतो. सूप तिच्या मांडीवर होतं. ती खाली बघतच म्हणाली, "तू तर घरातच हुतीस. म्या इचारते त्ये खरं सांग."

"विचार की."

"पिच्चरमधी दाखवलंय तसं... माझी पाठ वळली की त्येनी बघायचे का गं?"

मला उत्तर माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अण्णा जेवताना मी उंबऱ्यावर बसायची आणि त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघायची, कारण पुढचा निरोप कधी येईल ते सांगता यायचं नाही. आज बघतील, आज काहीतरी होईल, असं मला रोज वाटायचं. ते ताटात बघायचे. मग हात धुताना अंगणात बघायचे, बैलाकडं बघायचे, आभाळाकडं बघायचे. मी घरात होते तोवर एकदाही नाही. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई सूप मांडीवर धरून विचारत होती आणि तिचा आवाज बारीक झाला होता. मला वाटलं, हिला एवढं तरी मिळू दे.

"बघायचे," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं. लई वेळा."

तिचा हात तुरीत थांबला. मला वाटलं आता रडेल, मोकळी होईल. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"अन् तुला दिसायचं?"

"हो."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

मी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"मिठाचं सांगितलंस. पाण्याचं सांगितलंस. बैलाच्या पेंडीचंबी सांगितलंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, ती नुसतं आठवत होती. "ह्ये येवढंच कसं ऱ्हायलं गं तुझं? येकदा सांगायचं हुतंस. म्या वळले असते. म्याच आधी बोलले असते, माझं काय जात हुतं?"

मी खोटं बोलले, एवढे तीन शब्द सांगायचे होते. तोंडापर्यंत आले. पण ते सांगितलं असतं तर आत्ताच हातात ठेवलेलं मीच परत ओढून घेतलं असतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत अण्णांना पुन्हा ताटात बघायला लावलं असतं. माझ्याच्यानं झालं नाही. मी तूर निवडत बसले. थोड्या वेळानं तिनं मला चहा विचारला, मी हो म्हणाले, तिनं केला.

तेव्हापासून ती अकरा वर्षांची गोष्ट कुणाला सांगत नाही. गल्लीतल्या कुणी बाईनं सिनेमाचा विषय काढलाच तर म्हणते, "चुकी माझीच हुती बाई. म्याच कधी मागं वळून बघितलं न्हाय." मी शेजारीच बसलेली असते.